किटली की विरह

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं दुसरं पार्सल परवा पोचलं. जाड कागदांची गुंडाळी, दोन रुंद ब्रश, काळ्या रंगाची मोठी नळी आणि अमूर्त चित्रांचं पुस्तक, एवढं त्यात निघालं. पुस्तकाच्या वजनापायी टपालवाल्याने जादा पैसे मागितले, ते दिले. (चित्रं नुसती पाहायचीच असतात, मग त्यांना एवढा जड कागद कशाला लागतो ते देव जाणे.) वहिनीची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, ओणवी होऊन फरशी पुसू नकोस. घर चार दिवस मळलं तर काही बिघडत नाही.

ह्यांची प्रकृती देवाच्या कृपेने सुधारते आहे. बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं (म्हणजे मला ऐकून घ्यावं लागतं) आणि काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. उजवा हात मात्र अर्धांगाचा झटका आल्यापासून मांडीवर पाहुण्यासारखा बसून असतो. डॉक्टर म्हणाले डाव्या हाताला काम द्या, तू रंग पाठवलेस, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मला वाटलं होतं, एखादं फूल काढतील, डोंगरामागचा सूर्य काढतील. पण जन्मभर कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढलेल्या माणसाला सूर्य कुठला सुचायला? ह्यांनी आपली ॲल्युमिनियमची किटली मागितली, खिडकीशी स्टुलावर ठेवायला लावली आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. तेव्हापासून घरात चहा भाजीच्या पातेल्यात. (शेजारचे शिंपीकाका एक घोट घेऊन म्हणाले, "वहिनी, चहात लसूण घालता का हल्ली?" मी म्हटलं, लसूण हृदयाला चांगला. ते खोटं नव्हतं; असतोच चांगला.)

पहिलं चित्र झालं तेव्हा ह्यांनी मला बोलावून विचारलं, "काय दिसतंय?" मला बसलेली कोंबडी दिसत होती. देवाचं नाव घेणाऱ्या जिभेने खोटं बोलायचं नाही आणि आजारी माणसाला दुखवायचंही नाही, हे दोन्ही एका वेळी कसं करायचं ते शाळेत शिकवलं नव्हतं, म्हणून म्हटलं, "रंग स्वच्छ आहे." ह्यांनी तो कागद पालथा ठेवला आणि दुसरा घेतला. असे किती कागद गेले ते सांगत नाही. पण एका सकाळी केर काढता काढता मी थांबले, कारण कोंबडीला झाकण आलं होतं! मी म्हटलं, हे धाकट्याला पाठवू या, चित्रकला शिकवणं हा त्याचा पेशाच आहे. हे नको नको म्हणाले, आणि पाकिटावर पत्ता नीट लिही म्हणाले.

मग तुझं पत्र आलं. ते ह्यांनी स्वतः मोठ्याने वाचलं. भाऊजींनी वास्तवाच्या बेड्या तोडल्या, आकाराला निरोप देऊन अमूर्ताकडे झेप घेतली, करड्या पोकळीतून हाक ऐकू येते, आणि म्हणून तू ते चित्र 'विरह' असं नाव देऊन शाळेच्या प्रदर्शनात लावलंस. इथे हे थांबले. म्हणाले, "विरह? कुणाचा?" ह्यांनी चष्मा काढला, पत्राची घडी नीट घातली आणि म्हणाले, "ती किटली उचल. चहा कर तिच्यात." मी म्हटलं, पातेल्यात करते की. "उचल म्हटलं ना." आता चहाला लसणाचा वास येत नाही आणि माझा कप तसाच निवून जातो. त्या दिवसापासून ह्यांनी ब्रशला हात लावलेला नाही. खिडकीकडे पाठ करून बसतात.

तुला दोष देत नाही. काल दुपारी तुझं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. (मॅट्रिकला मला चित्रकला नव्हती, पण वाचता येतं.) वास्तववादी चित्र म्हणजे डोळ्याला दिसतं तसं, उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, सफरचंद कुठे दबलंय, सगळं. अमूर्त म्हणजे सफरचंद बाजूला ठेवून नुसता लाल रंग, त्याचं वजन, त्याचा शेजार. आधी हसू आलं. मग एका पानावर राखाडी चौकोन आणि खाली एक तांबडी रेघ, एवढंच होतं, ते पाहत राहिले आणि पाहुणे निघून गेल्यावर खोली होते ना, तसं वाटलं. त्याला मी नावं ठेवणार नाही. म्हणून सफरचंदाचं ह्यांना वाचून दाखवलं, ते पान पुढे धरलं आणि म्हटलं, अमूर्त काही कमी प्रतीचं नसतं हो. ह्यांनी बराच वेळ पाहिलं. "चांगलं आहे," म्हणाले. "ह्या माणसाला सफरचंद काढता येत असणार, तरी त्याने काढलं नाही. मला किटली काढायची होती." मग थोड्या वेळाने, "तोटी चुकलीय माझी. चुकली म्हणा की! हात गेला, काम गेलं, आता माझी चूकसुद्धा माझी राहू देत नाही तुम्ही लोक." धाकट्या, मी आत जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

असो. तुझ्या मनात मानच होता हे मला कळतं. प्रदर्शनाला गर्दी होते हे वाचून बरं वाटलं. काळा रंग एवढा लागणार नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझी
ताई

ता.क. खरं काम राहिलंच. ते चित्र प्रदर्शनातून काढ. वर्गातल्या मुलांच्या चित्रांवर लाल पेन्सिल चालवतोस तशी ह्यावर चालव. तोटी पोटाच्या फार खालून निघाली आहे, झाकण एका अंगाला सरकलंय, बुडाखाली सावली नाही म्हणून किटली हवेत आहे, सगळं लिही आणि चित्र परत पाठव. भाऊजी म्हणून दयामाया नको. शेवटी 'पुन्हा काढा' असं लिही. स्तुतीचा एक शब्द जरी दिसला तरी तुझ्याशी बोलणार नाही.

दुसरा ता.क. पाकीट चिकटवायच्या आत ह्यांनी पत्र मागून घेतलं आणि सगळं वाचलं. कोंबडीपाशी आले तेव्हा चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सावलीचं लिहिलंस ते बरोबर. पण दांडाही चुकलाय, ते सांगू नकोस. चित्रकलेचा मास्तर आहे ना, बघू त्याला दिसतं का." मी हो म्हटलेलं नाही, नुसता पदर सारखा केला. तेव्हा दांडा नीट बघ. एका टोकाला तो किटलीला टेकतच नाही. ती चूक तुझी तूच शोधलीस असं लिही आणि उलट टपाली पाठव. हे आत्ताच मला विचारत होते, पोस्टमन हल्ली किती वाजता येतो.