मुंजाजीचं नाव

प्रिय सत्यभामा,

तुझे दिवस भरत आले म्हणून तुझ्या लेकरापाशी मी राहिलो, आणि बीडच्या सरकारी दवाखान्यातली ही पोरांची खोली मला आता माझ्या शाळेसारखीच वाटू लागली आहे. लहानपणी आर्या म्हणताना तू चरणाच्या शेवटी केवढा श्वास घ्यायचीस, आठवतं? तुझ्या मुंजाला मी तशाच चालीवर पेज भरवतो. घाई केली की ठसका लागून पोर निळं पडतं. म्हणून एक चरण म्हणायचा, थांबायचं, मग चमचा. हैद्राबादेहून आलेल्या डॉक्टरीणबाई हसतात, "मास्तर, तुमची कविता औषधाच्या कपाटात ठेवायला हवी!" फेफरं कमी झालं आहे, मान धरतो. चालणार मात्र कधीच नाही. पण घरच्या कुणी भरवणं आणि कूस बदलणं शिकून घेतलं, तर पोर घरी जगेल, असं त्या म्हणतात.

परवा तुझ्या सासरच्या गावचा धुळाजी धनगर मेंढरं घेऊन पाली गावाकडे जाताना आत डोकावला. "मास्तर, लेकीला दुसरा ल्योक झाला अन् तुमी हितंच? बारसं लई धडाक्यात झालं. नाव मुंजाजीच ठेवलं की!" मी म्हटलं, अरे, मुंजाजी हा काय, खाटेवर आहे. तो पागोटं सारखं करत पुटपुटला, "मला वाटलं, ह्यो गेला." त्याचं काय चुकलं? आपल्याकडे गेलेल्याचंच नाव पुन्हा ठेवतात.

मग तुझ्या सासूबाईंचा, तुळजाबाईंचा निरोप आला. मुंजोबा देवाचं नाव पोराला ठेवायचा नवस धडधाकट पोरानेच फिटतो. थोरल्याला आणायचं तर आणा, पण एका घरात एका नावाचे दोघे नकोत; त्याला धोंडू म्हणा. जावईबापूंचा होकार आहे. तुझं काय, ते निरोपात नव्हतं.

पोरी, मी भांडणार नाही. चमचा धरताना माझा हात कापू लागला आहे, माझ्यामागे त्याला घर हवं. म्हणून काल सकाळी मी "धोंडू" अशी हाक मारली. तो शेजारच्या खाटेकडे बघू लागला, ते पोर ओ का देत नाही म्हणून. मुंजा म्हटल्यावर वळून तोंडभर हसला. बोलता येत नाही त्याला, पण आपलं नाव तेवढं कळतं. ते माझ्याने काढून घेववत नाही, म्हणून हे पत्र. तू ये. आईच्या तोंडची हाक तो नाकारणार नाही. धोंडू शिकव आणि घरी ने. मुंजा म्हणून एकदा हाक मारावीशी वाटलीच, तर दवाखान्याच्या फाटकाबाहेरच मारून घे. आत त्याला ऐकू जाता कामा नये.

तुझाच,
आबा