खिडकीबाहेरची वाडी

दिवेआगर, शुक्रवार, दिवेलागण

उघडले! राहायला येऊ म्हणणाऱ्या नाशिकच्या बाईंना आमच्या होमस्टेच्या खोल्यांचे फोटो अखेर उघडले. त्याच मेलमधले फोटो चौकशी करणाऱ्या पुण्याच्या बाईंना दिसत होते, यांना नाही. आमचे हे म्हणत, "वाडीत रेंज न्हाय, गच्चीवर जा." चारदा गच्ची चढले. मग दोघींना फोन करून विचारलं. पुण्याचा फोन आमच्यासारखाच नवा, नाशिकचा कॉम्प्युटर जुना. म्हणजे रेंजचं काही नाही, आमचा फोनच फोटो जुन्या कॉम्प्युटरला न उघडणाऱ्या नव्या प्रकारात ठेवतो! कॅमेऱ्याची सेटिंग बदलली, फोटो पुन्हा काढले, वाडीत बसूनच पाठवले. 

पण ऊर भरून आला तो कशानं? बाईंनी खोल्यांबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. लिहिलं, "खिडकीबाहेर केवढी गर्द वाडी!"

मागं वादळानं हीच वाडी आडवी केली होती. एकेक पोफळ मी पुन्हा लावलीय.