तिसरं नकारपत्र

९ डिसेंबर २०२४

कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्यांवर, थंडीतल्या उन्हात बसून मी आणि माझी मैत्रीण शिखा एकच स्वेटर विणायचो – डावी बाही तिची, उजवी माझी. सिस्टर आग्नेस दोन्ही बाह्या जुळवून बघायच्या आणि हसायच्या. एक नेहमी चार बोटं लांब! कोणाची, ते आम्ही कधी कबूल केलं नाही.

आज प्रसूती वॉर्डात बाळांची टोपडी विणताना ते आठवलं. तेवढ्यात ऑफिसमधून कागद आला. बढती. नंदुरबारला, सहायक मेट्रन. नको असेल तर सात दिवसांत लेखी नकार द्यायचा.

याआधी दोनदा दिलाय.

१० डिसेंबर

हे म्हणाले, "या वेळी नाही म्हणालीस तर लोक मला येडा म्हणतील." मग हळूच, "तीनच वर्षं राहिली, सिंधू. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते."

खरं आहे. पगार वाढेल, केबिन मिळेल, दारावर नावाची पाटी. लग्नानंतर माझ्या नोकरीला सासरी सगळ्यांनी नाकं मुरडली होती. तेव्हा एकटे हेच पहाटे उठून माझा डबा भरून द्यायचे. त्यांना ती पाटी बघायची आहे. त्यात त्यांचं काय चुकलं?

१२ डिसेंबर

शिखाचा फोन. ती आता नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात सगळ्या नर्सेसची प्रमुख. तिला विचारलं, सुखी आहेस का गं?

"मी आत आले की आठ जणी उभ्या राहतात. पण नऊ वर्षांत कोणाची नाडी धरली नाही." मग म्हणाली, "बाही तुझीच लांब असायची हं."

"तुझी," मी म्हटलं.

१३ डिसेंबर

फुलवंताबाईच्या सुनेला मुलगी झाली. दारात उभ्या मुलाकडे बोट दाखवून म्हातारी म्हणाली, "सिस्टरबाई, हाऊ पोऱ्या बी तुम्हनाच हातवर व्हयेल शे." माझ्याच हातांवर जन्मलेला तो सहा फुटी गडी लाजून भिंतीकडे बघू लागला. मी त्याच्या लेकीला लाल टोपडं घातलं. केबिनमध्ये हे कुठून येणार?

हल्ली टाके मात्र सुटतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल. वॉर्डातली मावशी दिवलीबाई म्हणाली, "डोया नही ताई, हात थरथरस तुम्हना." तिला रागावले.

१४ डिसेंबर

नकारपत्र लिहिलं. पाच ओळी. सोमवारी देईन.

हे सारंगखेड्याच्या जत्रेला गेले होते. घोडा घ्यायचा नव्हता, तरी वीस घोड्यांचे दात बघून आले. आणि भेटेल त्याला सांगत सुटले – "मन्ही बायको आते साहेब व्हयनी." आता यांना कसं सांगू?

१६ डिसेंबर

नकारपत्र पर्समध्ये होतं.

अकरा वाजता एक बाळंतपण. बाळ आलं, ओलं, निसटतं – आणि माझ्या उजव्या हातातली ताकदच गेली. आमच्या नव्या सिस्टरने, रोहिणीने, झटकन खालून हात घातला. एवढंच. बाळ रडलं. आई हसली. बाकी कोणाला काही कळलंही नाही.

हातमोजे काढताना रोहिणी माझ्याकडे न बघता म्हणाली, "होतं असं, मॅडम."

होत नाही. तेहतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

पाच वाजता ऑफिस बंद झालं. पत्र पर्समध्येच राहिलं.

१८ डिसेंबर

हे पाच किलो पेढे घेऊन वॉर्डात आले. पाहुण्यांच्या लग्नातही इतके खूश दिसत नाहीत. सगळ्यांनी तोंड गोड केलं. मागे कोणीतरी कुजबुजलं, "शेवटी ताईंनी पगारच बघितला."

बघितला असं समजू देत.

३० डिसेंबर

उद्या निघायचं. बाळंतपणाच्या टेबलाजवळचं माझं उंच स्टूल रोहिणीला. सुया आणि उरलेली लोकर दिवलीबाईला – टाका शिकवलाय, हात तिचा पक्का आहे. तयार बावीस टोपडी पुढच्या बावीस बाळांना, लाल आधी. नव्या केबिनची पाटी ह्यांना; खिळा त्यांनीच ठोकायचा. मग संध्याकाळी त्यांना हात दाखवायचा, आणि खरं सांगायचं. नकारपत्र कोणालाच नाही.

सुयांवरचं अर्धं टोपडं शिखाला. एका बाजूने लांब झालंय. बाहीही माझीच असायची, असं चिठ्ठीत लिहायचं.