चारला केलेला गोल

ती. आईस,

हे पत्र पाठवायची हिंमत होणार नाही, तरी लिहितो.

मार्चमध्ये तुझी कंबर दाखवायला चंदीगडला आणलं, तेव्हा दवाखान्यात इंग्रजी फॉर्म होता. दुखणं दहापैकी किती, त्या आकड्याला गोल करायचा होता. तू म्हणालीस, "नऊ." मी चारला गोल केला. नऊ लिहिलं असतं तर मणक्यात इंजेक्शन दिलं असतं, आठवडाभर तुझ्याजवळ थांबावं लागलं असतं, आणि माझी मोहालीतली नोकरी नवी होती. डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या दिल्या. तू त्यांना हात जोडलेस.

आज फोनवर म्हणालीस, "एवढ्या मोठ्या डॉक्टरांना कमी वाटलं, म्हणजे मीच उगाच बाऊ करते ना रे?"

मी म्हणालो, "हो गं, थोडंफार दुखणारच."

तुझा,
निमिष