शनिवारची साक्ष

पिंप्राळा, जळगाव
बुधवार, ८ जुलै १९८७

चि. लोटन यास,

प्रभू येशूच्या नावात सलाम. इकडे बरं आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे तसेच. आई तुझ्याकडे धुळ्यात गेल्यापासून जेवते नीट, हे वाचून बरं वाटलं.

तुझं पत्र मिळालं. "भाऊ, तुम्ही भर उपासनेत म्हणालात की लोटननं माझी पोरगी फितवून नेली. कौतिकमामांनी सांगितलं. खरं की खोटं, कळवा." तुझ्या चर्चनं तुला पंच केलं म्हणून थोरल्या भावाचा जबाब घेतोस?

मी शनिवार पाळतो, तू रविवार; आधी तू तुझ्या रविवारचा जबाब दे. कुठल्या वचनात आहे तो? सन ३२१ मध्ये रोमच्या बादशहानं सूर्याच्या दिवशी न्यायालयं आणि शहरातले धंदे बंद ठेवायचा हुकूम काढला. तिथून त्याला राजाश्रय. त्याच शतकात लावदिकीयाच्या परिषदेनं ठरवलं की ख्रिस्ती माणसानं शनिवारी विसावा न घेता काम करावं. कोणी शनिवार पाळतच नव्हतं, तर मनाई कोणाला केली? विचार तुझ्या पाळकांना! इथियोपियाच्या साधूंनी शनिवारसाठी बहिष्कार सोसला. ट्रान्सिल्व्हानियात शनिवारचा शब्बाथ पाळणाऱ्यांची घरंदारं जप्त झाली. लंडनमध्ये १६६१ साली शनिवारी उपदेश करणाऱ्या एका विणकराला व्यासपीठावरून ओढून नेलं आणि फाशी दिलं. तू काय सोसलंस? सरकारनं दिलेल्या सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून चर्चला जातोस.

आईनं पत्राच्या कडेला तुझ्याकडून लिहवून घेतलंय, "जीवराम, देव काय क्यालेंडर लिसन बठेल शे का?" तिला सांग, हो, कॅलेंडर घेऊनच बसलाय. सृष्टीच्या सातव्या दिवसापासून बसलाय.

त्या शनिवारी मी हेच सगळं बोलत होतो. मेहरूणची, पाचोऱ्याची मंडळी आली होती. पहिल्या बाकावर माझी सुवार्ता नव्हती. बेबाबाई मध्येच म्हणाली, "भाऊ, सुवार्ता कुठे शे? आजारी शे का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आणि मी बोललो, ते तुला कळलंच आहे.

तुला जे ठाऊक नाही ते असं. आदल्या गुरुवारी पोरगी माझ्यापुढे बसली. "बाबा, नर्सिंगची प्रवेश परीक्षा शनिवारीच आहे, धुळ्याला. तारीख मी ठरवलेली नाही. येशूनं शब्बाथला आजारी माणसं बरी केलीच ना?" मी तिला लंडनचा विणकर सांगितला. ती म्हणाली, "त्याच पुस्तकात लिहिलंय, आरोप राजद्रोहाचा होता. आणि इथियोपियाचे साधू शनिवारही पाळायचे, रविवारही. हे तुम्ही उपदेशात कधी सांगत नाही." माझी पुस्तकं मीच तिला वाचायला शिकवली. मी म्हणालो, "गेलीस तर बाप मेला समज."

शनिवारी सकाळी मी ओटीवर टिपणं चाळत होतो. शब्बाथला आमच्याकडे चूल पेटत नाही. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत केलेल्या भाकरींतल्या दोन तिनं फडक्यात बांधल्या. दारात थांबली. "बाबा, येते." तुझी वहिनी म्हणाली, "अहो, वर तरी बघा." मी पान उलटलं. एस.टी. स्टँडकडे ती एकटी चालत गेली. ती येतेय हे तुला परीक्षा आटोपून ती दारात उभी राहिली तेव्हाच कळलं असणार.

म्हणजे तू नेली नाहीस. माझी मुलगी माझ्या देखत, माझं न ऐकता गेली, हे वाक्य साठ माणसांसमोर माझ्या तोंडून निघेना. तीस वर्षं यांना आज्ञा शिकवतोय मी! तुझं नाव निघालं. रविवारवाला भाऊ, कोणालाही पटला असता. सगळ्यांना पटलाही.

शब्बाथ ही चौथी आज्ञा. खोटी साक्ष देऊ नये ही नववी. नववी मी शब्बाथच्या दिवशी, हातात शास्त्र धरून मोडली. परवाच्या शनिवारी मी व्यासपीठावर चढलो नाही. घसा बसलाय असं सांगितलं. घसा ठणठणीत आहे.

येत्या शनिवारी सांगणार आहे. लोटननं नेली नाही, ती तिची ती गेली, आणि तिचं परतणं बंद केलं ते माझ्या तोंडानं. मंडळीनं मला खाली उतरवलं तर उतरेन. पण शनिवारबद्दलचा एक शब्दही मागे घेत नाही, आणि तू त्या दिवशी येऊ नकोस. तू समाधानानं मान हलवशील, ते मला सोसणार नाही.

हे पत्र सुवार्ताला वाचायला दे. परीक्षेचं काय व्हायचं ते होवो. तिची आई म्हणतेय, घरी ये.

खोटं कशाला, मी म्हणतोय.

तुझ्याविरुद्ध खोटी साक्ष दिलेला,
तुझा थोरला भाऊ
जीवराम