वर्षीचं मशिन

चऱ्होली

प्रिय वर्षाराणी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, तेव्हा अर्धं काम झालं. पत्ता तुझ्या शाळेतल्या सुमनताईंकडून काढला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच त्यांच्या घरी बसून बसून त्यांना जेरीस आणलं. फोन तू उचलत नाहीस आणि मला जे सांगायचं आहे ते मेसेजवर लिहिण्यासारखं नाही. ज्ञानेश म्हणाला, माझ्या बहिणीला आजच्या काळात पत्र लिहिणारी तू एकटीच. असेन. नणंदेला चार शब्द सुनावायचा वहिनीचा हक्क मी अजून सोडलेला नाही. फक्त मला क्रमाने सांगू दे, एकदम शेवटाकडे धावू नकोस.

तू कुलदीपशी लग्न केलंस तेव्हा तात्या भावकीसमोर काय बोलले, ते तुला पाठच आहे. तिला फोन करणार नाही, तिच्या दारात जाणार नाही, तिला घरी बोलावणार नाही. आणि तू तरी काय कमी? तात्या स्वतः होऊन माझ्याशी बोलतील तेव्हाच मी या घरातल्या कुणाशी बोलेन, असा उलटा निरोप धाडलास. खाण तशी माती. दोघांनी आपापला शब्द असा सांभाळला की आई मधल्यामध्ये वाळून गेल्या. त्या आजही सणाला तुझ्या नावाची पुरणपोळी बाजूला काढतात आणि संध्याकाळी मुकाट्याने गाईला घालतात.

तर, यंदा उन्हाळ्यात तात्या सोपानरावांकडे गेले होते. सोपानरावांची शेती आता सोसायट्यांखाली गेली आहे आणि त्यांचा मुलगा जर्मनीत. रविवारी तो घरातल्या कॉम्प्युटरवर दिसतो, बापलेक तासभर गप्पा मारतात. तात्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं. घरी आले, ताटावर बसले, भाकरी कुस्करली आणि मान वर न करता मला म्हणाले, "रोहिणी, वर्षीचं मशिन चालू व्हतंय का बघ." माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. वर्षी हा शब्द त्यांच्या तोंडून मी किती वर्षांनी ऐकला, सांग. मी म्हटलं, तात्या, हे तर माझ्या मोबाईलवरही होईल, आत्ता लावून देते. तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "त्याला फोनच म्हणत्यात न्हवं? फोन करनार न्हाई म्हणलोय मी. मशिनचं काय बोललो न्हाई."

हसू येतं ना? मलाही आलं होतं, पदराआड. हा माणूस आपल्याच शपथेला इतकी वर्षं फेऱ्या मारत होता आणि आता कुठे त्याला एक फट सापडली होती. मी ठरवलं, काही झालं तरी हे मशिन चालू करायचंच.

तुझा कॉम्प्युटर आतल्या खोलीत कोठीशेजारी होता तसाच आहे, आईंच्या जुन्या लुगड्याखाली. बटण दाबलं, पंखा घरघरला, पडदा उजळला आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली, की चालू करायला यात काहीच सापडत नाही. आमच्या कंपनीत कॉम्प्युटर बघणारा जयसिंग म्हणून आहे. तो म्हणाला, मॅडम, हार्ड डिस्क गेली. पण पेन ड्राइव्हवर अख्खी सिस्टीम टाकता येते, मशिन त्याच्यावरून उठतं, जुन्या मशिनला चालेल अशी हलकीफुलकी फुकट मिळते. मी म्हटलं, घ्या, एवढंच तर आहे! मला सुट्टी गुरुवारचीच, तुला माहीत आहे. बाकीचे दिवस चाकणची बस, स्टोअरचा हिशेब आणि ओव्हरटाइम. म्हणजे एक प्रयत्न फसला की पुढचा थेट आठवड्याने. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

पहिल्या गुरुवारी पेन ड्राइव्ह लावला, मशिनने ढुंकून पाहिलं नाही. जयसिंग म्हणाला, तुम्ही तो नव्या मशिनच्या पद्धतीने बनवलाय, म्हाताऱ्याला ती भाषा येत नाही. जुन्या पद्धतीने पुन्हा बनवून दिला. दुसऱ्या गुरुवारी चालू होतानाच बटण दाबून सेटिंगच्या निळ्या पडद्यावर गेले आणि आधी पेन ड्राइव्ह बघ, मग बाकीचं, असं त्याला नेमून दिलं. मधेच लाईट गेली. परत आली तर मशिन सगळं विसरलेलं, तारीखसुद्धा कुठल्या तरी जुन्या सालातली. आतला बटणाएवढा सेल मेला होता. तो बदलायला आणखी एक गुरुवार गेला. तात्या दर वेळी खुर्ची ओढून माझ्या मागे बसायचे. मी हात झटकून उठले की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, पुढल्या गुरवारी." आणि जाताना मशिनवर लुगडं स्वतः नीट घालायचे.

सेल बदलल्यावर आठवण राहायला लागली, पण आता पेन ड्राइव्ह यादीतच दिसेना. काढला, लावला, फुंकर मारली, दुसरा आणला. शेवटी वैतागून मी खाली बसले आणि मोबाईलचा उजेड पेन ड्राइव्ह लावायच्या पुढच्या त्या दोन चौकोनी भोकांत टाकला. आत लाल. आधी वाटलं गंज. टाचणीने उकरलं तर वाळून दगड झालेलं कुंकू निघालं, थरावर थर, आणि त्यात रुतलेले तांदळाचे दाणे. वर्षा, मी आईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "आगं, दर खंडेनवमीला पूजतेत न्हवं का ते. विळा, कोयता, ट्रॅक्टर, अन् मग हे. पोरीचं हत्यार हाय म्हणत्यात." त्या दिवशी आमच्या कंपनीत मशिनची पूजा असते, मी पेढे वाटत चाकणला असते. घरी काय चालतं ते मला कधी दिसलंच नाही. तात्या दाराशी उभे होते. चोरी पकडल्यासारखे बाहेर निघून गेले.

मी तिथेच बसून रडले. मला हे ठाऊक असतं तर तेव्हाच तुझ्या दारात येऊन तुला हाताला धरून आणलं असतं, तुझी शपथ गेली चुलीत. तू तिकडे समजत राहिलीस की बापाने आपल्याला मनातून पुसून टाकलं. तो दरवर्षी तुझ्या वस्तूला ओलं कुंकू लावत होता.

पेन ड्राइव्ह मागच्या बाजूला लावला आणि मशिन पहिल्या फटक्यात उठलं. रंगीत पडदा आला, त्यावर डोंगर. मी ओरडले, तात्या, या! ज्ञानेशने डांगे चौकातून कॅमेरा आणूनच ठेवला होता. मी म्हटलं, वर्षाच्या ईमेलवर आत्ता निरोप पाठवते, ती नक्की येईल पडद्यावर. तात्या समोर बसले, पडद्याच्या काचेत स्वतःला अंधुक पाहिलं, गालावरून हात फिरवला. म्हणाले, "आज नगं. दाढी वाढलीया. पोर बघंल अन् म्हनंल म्हातारा झाला." पुढल्या गुरुवारी बोलायचं ठरलं. मी आग्रह धरला नाही. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला वाटलं, एवढी वर्षं गेली, आठ दिवसांनी काय होतंय. धुवट सदरा त्यांनी त्याच संध्याकाळी काढून ठेवला. काय बोलायचं त्याची गोठ्यात उजळणी चालायची, आईंनी चोरून ऐकली.

सोमवारी सकाळी ते गोठ्यातच पडले. अर्धांगवायू. हॉस्पिटलमधून आता घरी आणलं आहे, जिवाला धोका नाही, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. परत यायची आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. मला राहून राहून ते फुकट गेलेले गुरुवार आठवतात. त्यांतला एक जरी वाचला असता तर तुम्ही दोघं बोलला असता, आणि हे पत्र मला लिहावं लागलं नसतं. ते स्वतः होऊन बोलतील तेव्हाच बोलेन, ही तुझी अट आता पुरी होणार नाही, वर्षा. ती तुलाच मोडायला हवी. ऐकू त्यांना सगळं येतं. उभ्या आयुष्यात त्यांनी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, आता तू काय भांडायचं ते भांड, शेवटपर्यंत ऐकून घेतील. मशिनवर नको, तू स्वतः ये, कुलदीपला घेऊन ये. आणि त्यांच्यापाशी बसशील तेव्हा डाव्या बाजूला बस, तो हात अजून घट्ट धरतो.

तुझीच,
रोहिणी वहिनी