झाकणाच्या आतला कागद

तात्या, काल घरासाठी औषधांचा डबा भरला. डबा तुमचाच, बिस्किटांचा, पत्र्याचा. पोचे आलेत, पण झाकण अजून घट्ट बसतं. तुमच्या फाउंड्रीत रोज कुणाला ना कुणाला भाजायचं, म्हणून तुम्ही घरीही तो करून ठेवला होता: कापूस, पट्ट्या, टिंक्चर, भाजल्यावरचं पिवळं मलम. मी एकदा त्यातली पट्टी बाहुलीच्या पायाला गुंडाळली, तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडलात, "ह्ये काय खेळणं हाय व्हय? येळंला पट्टी न्हाय घावली तर काय करशील?" मी तोंड फुगवून बसले. संध्याकाळी तुम्हीच जुन्या धोतराची चिंधी फाडून बाहुलीला बांधलीत, वर गाठ नीट मारायला शिकवलंत.

आणि वेळ आली तेव्हा डबा उघडायचं कुणाला सुचलं? मी दहावीत. रविवारची दुपार, चुलीवर मटण शिजतंय, तुम्ही कांदा चिरता चिरता एका अंगावर कलंडता. डोळे अर्धे उघडे. हाक मारली तर ओ नाही. आई छाती पिटते. शेजारची मामी धावत येते नि माझ्यावर खेकसते, "बघत काय बसलीयास? पाणी पाज की त्यास्नी!" मी तुमचं डोकं मांडीवर घेते, तांब्या तोंडाला लावते. पाणी ओठांतून बाहेर येतं, मी पुन्हा ओतते. घशात खळखळ होते. मला वाटतं, पिताय. मला बरं वाटतं, तात्या. रिक्षा येईपर्यंत अर्धा तांब्या संपला होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, वाटेतच गेले.

मागच्या महिन्यात आमच्या कारखान्यात प्रथमोपचाराचं शिबिर झालं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनळीत जातं. सगळ्या जणी वहीत लिहून घेत होत्या. माझ्या कानात ती खळखळ सुरू झाली, ती आजतागायत. नळ सोडला तरी येते. अटॅकच होता, असं स्वतःला बजावते. पण घशात तो आवाज मीच ओतला, त्याचं काय करू?

आई मात्र इतकी वर्षं येईल त्या पाव्हण्याला सांगते, "लेकीच्या हातचं पाणी पिऊन गेलं, नशीबवान माणूस." त्या एका वाक्याच्या आधारानं बाई उभी राहिली. आता तिला शुगर आहे, दोनदा चक्कर येऊन पडली, आणि दुपारी घरात तिच्याजवळ फक्त माझी पोरं असतात. म्हणून तर डबा. झाकणाच्या आत सूचनांचा कागद लावायचा होता, पण पहिली ओळ लिहायला हात धजेना. आईला वाचता येतं. शेवटी लिहिली: बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये.

डिंक वाळायच्या आत आई आली. चष्मा लावून तिनं वाचलं. कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. मग म्हणाली, "बरं लिव्हलंयस. पोरांस्नी ठावं पायजे." दारापर्यंत गेली नि वळली. "माझ्या येळंला मातर तू पाज."

मी व्हय म्हणाले. हे पत्र आता डब्यात कापसाखाली ठेवते, तुमच्यापर्यंत ते कसं पोचणार? तात्या, आईला सांगितलं नाही, पण माझ्यानं तांब्या उचलवणार नाही.